पीएसआयपासून एसपीपर्यंत: वाट खरंच आहे का?

सातारची_लेक

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. घरातला प्रश्न आहे. पोलीस खात्यातले किंवा खात्याच्या जवळचे कोणी असतील तर कृपया सविस्तर लिहा.

माझा धाकटा भाऊ पीएसआय, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक (फौजदार), झाला. वय २६, खुला प्रवर्ग. नाशिकला प्रशिक्षणाला जायचं पत्र आता कधीही येईल. गावात सत्कार झाला, हायस्कूलने बोलावलं, आईने खंडोबाला तळी भरली. आणि परवा रात्री जेवताना तो म्हणाला, "मी रुजू होत नाही. यूपीएससीच देतो. पीएसआय झालो की पीएसआयच राहीन, फार तर पीआय. मला एसपी व्हायचंय."

आमचे अण्णा १९८८ साली शिपाई म्हणून भरती झाले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. शिपाई, नाईक, हवालदार, एएसआय अशी एकेक पायरी चढत गेले. शेवटी खांद्यावर एक स्टार आला, तो पुसायला त्यांनी वेगळं फडकं ठेवलं होतं. भाऊ बोलला तेव्हा ते काहीच म्हणाले नाहीत. ताटावरून उठून ओट्यावर जाऊन बसले.

मला दोघांचंही कळतंय, म्हणूनच काय बोलावं ते सुचत नाही. माझे प्रश्न असे. पीएसआय म्हणून लागलेला माणूस खरंच एसपी, म्हणजे पोलीस अधीक्षक, होऊ शकतो का? होत असेल तर कितव्या वर्षी? आणि नोकरी सोडून यूपीएससी दिली तर नेमकं काय मिळतं आणि काय जातं?

माणगंगा

ताई, आधी भावाचं अभिनंदन! लेखी, मैदानी, मुलाखत, सगळं पार करून आलाय तो. उंची १६५ सेंटिमीटर, छाती ७९ आणि फुगवून ५ जास्त, इथपासून पोरं गळतात. माझे दोन मित्र मैदानात गेले.

एक विचारते. यूपीएससीचे किती प्रयत्न झालेत त्याचे? खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत सहाच मिळतात.

सातारची_लेक

दोन झालेत. दोन्ही वेळा पूर्वपरीक्षेत गेला. दुसऱ्या वेळी थोडक्यात.

जुनी_खाकी

लेकी, मी १९८३ साली नाशिकला पीएसआय म्हणून दाखल झालो आणि २०१७ साली एसीपी (सहायक आयुक्त, जिल्ह्यात त्याच दर्जाला उपअधीक्षक म्हणतात) म्हणून निवृत्त झालो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच हिशोबाने देतो, कारण हा सगळा खेळ वयाच्या गणिताचा आहे आणि अकादमीत ते गणित कोणी फळ्यावर मांडत नाही.

रुजू झालो तेव्हा मी २४ वर्षांचा. एपीआय (सहायक निरीक्षक) झालो ३५ व्या वर्षी, पीआय (निरीक्षक) ४१ व्या आणि एसीपी ५५ व्या. राज्य सेवेतला पोलीस अधिकारी ५८ ला घरी जातो. म्हणजे उपअधीक्षकाच्या दर्जाची माझी नोकरी जेमतेम तीन वर्षं. आता पुढचं बघ. राज्य पोलीस सेवेतून आयपीएसमध्ये नामनिर्देशन व्हायचं तर उपअधीक्षक पदावर आठ वर्षं सेवा लागते आणि वयाचीही अट असते. मला ती आठ वर्षं कुठून मिळणार? बढती मिळाली तेव्हाच ते दार बंद झालेलं होतं. एसपीची खुर्ची मुळात आयपीएसच्या संवर्गातली. नामनिर्देशनच नाही तर ती खुर्चीही नाही. माझ्या बॅचच्या बहुतेकांचं असंच झालं. काही जण पीआय म्हणूनच निवृत्त झाले आणि ती माणसं माझ्यापेक्षा कमी होती असं मी कधीच म्हणणार नाही.

बढत्यांचा वेग काळानुसार कमीजास्त होतो. ज्येष्ठता यादीवर कोर्टात वाद लागला की बॅचच्या बॅच अडकून पडते. पण ढोबळ चित्र हेच. पीएसआय म्हणून लागून निव्वळ बढतीच्या रांगेत उभं राहून एसपी व्हायचं म्हटलं तर वर्षं पुरत नाहीत.

म्हणजे तुझ्या भावाचं गणित बरोबर आहे. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. त्यावर सवडीने लिहितो, आत्ता नातीला शाळेतून आणायचंय.

सातारची_लेक

काका, मनापासून आभार. इतकं स्पष्ट आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. एक बारकी शंका. अण्णांचे साहेब एपीआय होते, त्यांना तीन स्टार होते. पीआयलाही तीनच आणि उपअधीक्षकांनाही तीनच. मग लांबून ओळखायचं कसं? लहानपणी मी नेहमी चुकायचे.

जुनी_खाकी

फितीवरून. पीएसआयला दोन स्टार आणि लाल-निळी फीत. एपीआयला तीन स्टार आणि नुसती लाल. पीआयला तीन स्टार, फीत लाल-निळी. उपअधीक्षकाला तीन स्टार, पण फीत नाही. ती फीत उतरायला मला तीस वर्षांहून जास्त लागली.

तिथून वर अशोकस्तंभ येतो. एसपीला स्तंभ आणि एक स्टार, डीआयजीला (उपमहानिरीक्षक) स्तंभ आणि तीन. आयजीपासून (महानिरीक्षक) तलवार आणि दंड एकमेकांवर आडवे येतात. आयजीला त्यासोबत एक स्टार, आणि अपर महासंचालक, महासंचालक यांना त्यासोबत स्तंभ.

गिरणाकाठ

माझी बहीण थेट उपअधीक्षक आहे, एमपीएससीच्या राज्यसेवेतून. म्हणून मधली वाट सांगते, जी या धाग्यात अजून आलीच नाही.

खात्यात शिरायला चार दारं आहेत. शिपाई भरती, पीएसआय, राज्यसेवेतून उपअधीक्षक आणि यूपीएससीतून आयपीएस. पीएसआयच्या जागांचेही तीन वाटे असतात: ५० टक्के सरळसेवेने आयोगाकडून, २५ टक्के खात्यातल्याच अंमलदारांच्या मर्यादित विभागीय परीक्षेतून आणि २५ टक्के ज्येष्ठतेनुसार बढतीने. म्हणजे तुमच्या अण्णांच्या बरोबरीचा एखादा हवालदार विभागीय परीक्षा देऊन फौजदार होतो आणि तुमच्या भावाशेजारी बसतो. ही फार चांगली सोय आहे, माझ्या मते खात्यातली सगळ्यात न्याय्य.

आता उपअधीक्षकाचं दार. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३८ वर्षं. पंचविशी-तिशीत उपअधीक्षक झालेला माणूस प्रशिक्षण, परिविक्षा, मग एसडीपीओ (उपविभागीय पोलीस अधिकारी) म्हणून उपविभाग, पुढे अपर अधीक्षक असा जातो. त्याची आठ वर्षं चाळिशीच्या आसपास भरतात. आयपीएसच्या वरिष्ठ पदांपैकी साधारण एक तृतीयांश, म्हणजे ३३.३३ टक्क्यांच्या हिशोबाने, बढतीने भरायची असतात. निवड समितीच्या अध्यक्षस्थानी यूपीएससीचे अध्यक्ष किंवा सदस्य असतात, आणि गोपनीय अहवाल चोख लागतात. चौकशी सुरू असेल तर नाव अडकतं. पण नाव लागलं की तो माणूस आयपीएस. निवृत्तीही मग ५८ ऐवजी ६० ला. महाराष्ट्रात कितीतरी जिल्ह्यांचे एसपी या वाटेने आलेले असतात, लोकांना ते माहीतही नसतं.

आणि पगाराचं. पीएसआयचं मूळ वेतन ३८,६०० पासून, उपअधीक्षकाचं ५६,१०० पासून. नव्या आयपीएसचंही ५६,१०० पासूनच. सुरुवात एकच, पुढची चढण वेगळी.

तुमच्या भावाला सांगा, रुजू हो आणि नोकरीत राहून राज्यसेवा दे. माझ्या बहिणीच्या तुकडीत आधी पीएसआय असलेली मुलं होती. परेडच्या मैदानावर ती डोळ्यांत भरायची.

माणगंगा

गिरणाकाठताई, बोलायला सोपं आहे. बंदोबस्त, रात्रपाळी, तपास हे सांभाळून अभ्यास होतो का? माझा चुलतभाऊ तीन वर्षं प्रयत्न करतोय. पुस्तक उघडलं की फोन वाजतो.

गिरणाकाठ

होत नाही असं नाही, पण फार कठीण आहे, खरं. प्रशिक्षणाचं वर्ष आणि पहिली नेमणूक यांत अभ्यास सोडूनच द्यावा. ज्यांना जमलं त्यांनी बाजूच्या शाखेतली नेमणूक मागून घेतली होती.

हैदराबादहून

मी प्रशिक्षण क्षेत्रात होतो, आता निवृत्त. आयपीएसची वाट थोडी मांडतो, कारण मुलांच्या डोळ्यांपुढे लाल दिव्याच्या गाडीचं जुनं चित्र असतं आणि मधली वर्षं दिसतच नाहीत.

निवड झाली की आधी मसुरीला पायाभूत अभ्यासक्रम, मग हैदराबादला सरदार पटेल अकादमी. ती १९४८ साली माउंट अबूला सुरू झाली आणि १९७५ मध्ये हैदराबादला आली. तिथे पहाटेची पीटी, घोडा, पोहणं, गोळीबार, कायदा. मग जिल्हा प्रशिक्षण. त्यात काही आठवडे एका पोलीस ठाण्याचा स्वतंत्र कार्यभार मिळतो. हे 'काही आठवडे' लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्यानंतर एएसपी (सहायक अधीक्षक) म्हणून उपविभाग आणि मग जिल्हा. पुढच्या पायऱ्यांना सेवेची वर्षं ठरलेली आहेत: डीआयजी १४, आयजी १८, अपर महासंचालक २५ आणि महासंचालक ३०. अर्थात जागा असेल आणि अभिलेख स्वच्छ असेल तर. म्हणजे २५ व्या वर्षी लागलेला माणूस ३९-४० ला डीआयजी होऊ शकतो. जुनी_खाकी साहेब ज्या वयात पीआय झाले जवळपास त्याच वयात. दोघेही हुशार, दोघेही कष्टाळू. फरक एका परीक्षेचा. हे मला नोकरीभर टोचत राहिलं.

मुंबईसारख्या आयुक्तालयात नावं बदलतात. ठाण्याला वरिष्ठ पोलीस निरीक्षक, विभागाला एसीपी, परिमंडळाला डीसीपी (उपायुक्त), प्रादेशिक विभागाला अपर आयुक्त, त्यावर सहआयुक्त आणि आयुक्त. जिल्ह्यात एसपी एकटाच दिसतो, शहरात त्याच दर्जाचे कितीतरी डीसीपी असतात. त्यामुळे एसपी होणं आणि जिल्हा मिळणं या गोष्टी वेगळ्या. राज्य राखीव दलाचा समादेशक, रेल्वे, प्रशिक्षण केंद्र, सीआयडी, या सगळ्या नेमणुका त्याच दर्जाच्या आहेत.

मधल्या वर्षांत माणूस कसा घडतो याचं एक उदाहरण देतो. हेमंत करकरे नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९७५ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये नोकरी केली आणि मग १९८२ च्या तुकडीत आयपीएस. चंद्रपूरला एसपी असताना जंगलातल्या वाळक्या लाकडांतून ते शिल्पं घडवायचे. पुढे रॉमध्ये गेले, सात वर्षं ऑस्ट्रियात होते. त्या सात वर्षांत राज्यात त्यांचं नाव कोणाच्या कानावर नव्हतं. परतल्यावर मुंबईत प्रशासनाचे सहआयुक्त, म्हणजे आस्थापना, रजा, बदल्या, घरं. त्यानंतर जानेवारी २००८ मध्ये एटीएस, म्हणजे दहशतवादविरोधी पथक. लोकांना शेवटचे दहा महिने आठवतात, पण त्याआधीची पंचवीस वर्षं होती.

ॲड_पारिजात

मी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, पोलिसांची प्रकरणं चालवते. कायद्याचं दोन शब्दांत सांगते, कारण 'मंत्र्याच्या मर्जीवर सगळं' असं सरसकट म्हणून तरुण मुलं हात झटकतात.

२२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर निकाल दिला. ते स्वतः उत्तर प्रदेशचे आणि सीमा सुरक्षा दलाचे माजी महासंचालक. याचिका १९९६ ची, निकालाला दहा वर्षं लागली. निकालात सांगितलं की राज्याचा पोलीस महासंचालक यूपीएससीने काढलेल्या तीन ज्येष्ठ नावांतून निवडावा आणि त्याला किमान दोन वर्षं मिळावीत. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला, एसपीला, परिक्षेत्राच्या प्रमुखालाही दोन वर्षं. बदल्यांसाठी आस्थापना मंडळ.

आपल्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम २२न आलं. उपअधीक्षक आणि त्यावरच्यांना एका जागी दोन वर्षं. पीएसआय, एपीआय, पीआय यांना एका ठाण्यात दोन, एका जिल्ह्यात चार आणि एका परिक्षेत्रात आठ वर्षं. अंमलदारांना एका जागी पाच. अपवादाच्या तरतुदीही त्याच कायद्यात आहेत, आणि भांडण नेमकं त्या अपवादांवरच होतं. मुदतीआधी उचललेला अधिकारी माझ्यासमोर येऊन बसतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारते, "आदेशात कारण लिहिलंय का?" कारण न लिहिलेले आदेश रद्द झालेले मी पाहिलेत. बदली झालेल्याला हा कायदा वाचून थोडं बळ येतं.

एक आग्रहाची विनंती. भावाने रुजू झाल्या दिवसापासून आपल्या सेवापुस्तकाच्या प्रती आणि गोपनीय अहवाल जपून ठेवावेत. प्रतिकूल शेरा आला तर मुदतीत अभिवेदन द्यावं. वीस वर्षांनी बढतीच्या वेळी एखादा जुना शेरा वर येतो आणि तेव्हा ज्याने तो लिहिला तो माणूस हयातही नसतो.

विदर्भी_मोहा

मी सध्या सेवेत आहे, म्हणून नाव-गाव सांगत नाही. पीएसआय आहे, बाई आहे, आणि पहिली नेमणूक गडचिरोलीत.

सातारच्या ताई, तुमच्या भावासारखंच मीही यूपीएससी सोडून आले होते. रडत आले होते. नाशिकची पासिंग आऊट परेड झाली, आईबाबा खुर्चीत बसले होते, आणि महिन्याभरात मी एका पोलीस मदत केंद्रावर. नदीला पूर आला की रस्ता बंद. पहिले पंधरा दिवस मी मोबाईलला रेंज शोधत टेकाडावर उभी राहायचे.

आमच्याकडे दादालोरा खिडकी चालते. जातीचा दाखला, आधार, योजनांचे अर्ज, सगळं पोलिसांच्या मदत केंद्रात. एक आजी चालत आली होती, सोबत नातू. तिला निराधार योजनेचा अर्ज भरायचा होता आणि तिच्या नावाचा एकही कागद नव्हता. कागद जमवायला पाच महिने लागले. पैसे खात्यात जमा झाले त्या दिवशी ती परत चालत आली, पदरात मोहफुलं घेऊन. माझ्या हाताखालचे हवालदार माडिया बोलतात, ते म्हणाले, "मॅडम, घ्या. नाही म्हटलं तर तिला वाईट वाटेल."

मी एसपी नाही होणार कदाचित. पण त्या पाच महिन्यांत जे शिकले ते मला कुठल्याही क्लासने शिकवलं नव्हतं. त्याच जिल्ह्यात एक तरुण आयपीएस अधिकारी एसडीपीओ म्हणून होते. ते माझ्याशी बरोबरीने बोलायचे, चार गोष्टी विचारायचे. त्यांचं वय माझ्याएवढंच. मला हेवा वाटला नाही असं खोटं लिहिणार नाही. वाटला, अजूनही कधी कधी वाटतो. राज्यसेवेचा अर्ज भरलाय. बघू.

भावाला एवढंच सांगा की गडचिरोली मिळाली तर घाबरू नकोस. एकस्तर, म्हणजे एक पायरी वरचं, वेतन मिळतं, माणसं चांगली असतात आणि रात्री आकाश फार सुंदर दिसतं.

सातारची_लेक

विदर्भी_मोहा ताई, तुमचं लिखाण आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

बंदोबस्त_घर

मी पीआयची बायको आहे. २२ वर्षांचा संसार, ९ घरं. सगळे पदांचं बोलताय, घराचंही कोणीतरी बोलावं म्हणून लिहिते.

गणपतीत माझ्या घरात कधीच आरतीला पुरुष नसतो. अनंत चतुर्दशीला हे सकाळी जातात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येतात, बूट काढताना पाय सुजलेले असतात. आषाढीला पंढरपूर. निवडणुकीला कुठेही. मोठी मुलगी पाच शाळा फिरली. एकदा ऐन सहामाहीत बदली आली. मी पोरींना घेऊन जुन्याच गावात राहिले आणि हे दीड वर्ष एकटे, खानावळीत. त्याच दीड वर्षात यांना साखर लागली. कोणाला दोष देत नाही, पण हा हिशोब कुठल्या पगारपत्रकात येत नाही.

वरच्या साहेबांच्या घरचंही वेगळं नसतं. बंगला मोठा असतो, चिंता तीच. आमच्या एका एसपी साहेबांच्या पत्नी मला म्हणाल्या होत्या, "ताई, रात्री फोन वाजला की आधी मी उठते." मीही आधीच उठते. तेव्हा पद कुठलंही असो, भावाचं लग्न ठरवताना मुलीला हे सगळं आधी सांगा. तुमच्या आईला विचारा, त्या सांगतील.

जुनी_खाकी

वहिनी, नमस्कार तुम्हाला. माझ्या घरीही हेच झालं, पण माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही.

आता राहिलेलं लिहितो. हैदराबादच्या साहेबांनी 'काही आठवडे' लक्षात ठेवायला सांगितलं ना, ते खरं मर्म आहे. आयपीएस अधिकारी ठाणं स्वतः चालवतो काही आठवडे. पीएसआय-पीआय ठाण्यात काढतो वीस वर्षं. पंचनामा, अटक, २४ तासांच्या आत न्यायालयात हजर करणं, ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र, फितूर साक्षीदार, सरकारी वकिलाची चिडचिड, मुद्देमालाच्या खोलीतला उंदीर, हे सगळं त्याच्या अंगवळणी पडतं. आता भारतीय न्याय संहिता आली. आम्ही आयुष्यभर खुनाला ३०२ म्हणालो, आता ते १०३ झालं. पण प्रेताजवळ बसून पंचनामा लिहायचा हात तोच लागतो.

मधुकर झेंडे साहेबांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराजला त्यांनी १९७१ साली मुंबईत पकडलं. तोच शोभराज मार्च १९८६ मध्ये तिहारमधून पळाला. तीन आठवड्यांत, ६ एप्रिलला, झेंडे साहेबांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात पुन्हा धरलं. तेव्हा ते इन्स्पेक्टर होते. पंधरा वर्षांपूर्वी पाहिलेला चेहरा त्यांच्या डोक्यात होता. मी तेव्हा तीन वर्षांचा फौजदार. त्या आठवड्यात आमच्या ठाण्यात दुसरा विषय नव्हता. झेंडे साहेब एसीपी म्हणून निवृत्त झाले, आयपीएसचा बिल्ला त्यांच्या खांद्यावर कधी आला नाही. पण मुंबई पोलिसांचा इतिहास सांगायला बसलं तर त्यांना टाळून पुढे जाता येत नाही.

आणि तुकाराम ओंबळे. तुमच्याच सातारा जिल्ह्यातले, केडंब्याचे. सैन्यातून येऊन १९९१ साली मुंबई पोलिसात लागले. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीला हातात लाठी होती. पद सहायक फौजदार, लेकी. तुझ्या अण्णांचंच पद. देशाने त्यांना अशोकचक्र दिलं.

मी भावाला यूपीएससी देऊ नको म्हणत नाहीये. २६ हे वय आहे. पण 'पीएसआय झालो की संपलो' हे वाक्य अण्णांच्या समोर बोलायला नको होतं. ते ओट्यावर का जाऊन बसले ते मला कळलं.

माणगंगा

काका, हे वाचून अंगावर काटा आला.

तरीही एक म्हणते, राग मानू नका. झेंडे साहेब किंवा ओंबळे यांच्याबद्दल आदर वेगळा आणि व्यवस्थेने फौजदाराला ५५ व्या वर्षी फीत उतरवून देणं वेगळं. शूर माणसांची नावं घेऊन आपण ही रांग योग्य ठरवतोय असं व्हायला नको. दर्जेदार फौजदाराला चाळिशीत उपअधीक्षक होता येईल अशी विभागीय परीक्षा का असू नये? हवालदाराला पीएसआय व्हायला २५ टक्के जागांची परीक्षा आहे ना? मग तसंच दार वर का नाही?

जुनी_खाकी

राग कसला? बरोबर बोललीस. हेच मी नोकरीत असताना दोनदा लेखी दिलं होतं. असं दार असतं तर माझ्या बॅचचे पाच-सहा जण नक्की जिल्हे सांभाळून निवृत्त झाले असते.

हैदराबादहून

माणगंगा यांच्याशी पूर्ण सहमत. ठाण्यात वीस वर्षं काढलेल्यांचा अनुभव धोरण ठरवणाऱ्या टेबलापर्यंत पोचतच नाही, तोवर ते निवृत्त होतात. खात्याचं नुकसान आहे ते.

जाता जाता आपल्या कामठीचा एक माणूस सांगतो. के. एफ. रुस्तमजी, जन्म १९१६. १९३८ साली मध्य प्रांताच्या पोलिसात लागले. पंडित नेहरूंचे सुरक्षा अधिकारी, मध्य प्रदेशचे आयजी, आणि १९६५ साली सीमा सुरक्षा दल उभारणारे पहिले महासंचालक. एखाद्याने इथेच थांबून आत्मचरित्र लिहिलं असतं. ते निवृत्तीनंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य म्हणून बिहारच्या तुरुंगांत गेले. खटलाच उभा न राहिलेले कैदी वर्षानुवर्षं आत आहेत, हे त्यांनी पाहिलं आणि वर्तमानपत्रात लिहिलं. त्यातून हुसैनारा खातूनचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, १९७९ साली हजारो कच्चे कैदी सुटायची वाट मोकळी झाली. पद्मविभूषण मिळालं ते १९९१ मध्ये. मला त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा ती तुरुंगभेट मोठी वाटते. तेव्हा त्यांच्या अंगावर खाकीही नव्हती.

सातारची_लेक

उशिरा लिहितेय, घरात गडबड होती.

हा सगळा धागा भावाला पाठवला होता. दोन दिवस काही बोलला नाही. मग रविवारी जुनी_खाकी काकांचं ओंबळ्यांबद्दलचं लिहिलेलं त्याने अण्णांना मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, "मी त्यांच्या गावच्या लग्नाला गेलोय." मग पहिल्यांदाच नोकरीचं बोलत बसले, रात्री साडेअकरापर्यंत. १९९३ च्या भूकंपात किल्लारीला बंदोबस्ताला गेले होते, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसांची यादी लिहायचं काम होतं त्यांच्याकडे, कारण अक्षर चांगलं होतं.

भावाने ठरवलंय. नाशिकला जातोय. प्रशिक्षण आणि पहिलं ठाणं नीट करायचं, मग राज्यसेवा. यूपीएससीचे चार प्रयत्न आहेत, त्यातला एखादा जमला तर देईन म्हणतो. गिरणाकाठ ताई, तुमच्या बहिणीशी त्याला एकदा बोलायचंय, चालेल का? ॲड_पारिजात ताईंनी सांगितलं म्हणून त्याने आत्ताच एक फाईल आणली, वर नाव लिहिलंय, आत अजून एकही कागद नाही.

बंदोबस्त_घर ताई, आईला विचारलं. ती म्हणाली, "त्यांना सांग, मी पण आधीच उठायचे."

पत्र आलंय. सोमवारी सकाळच्या एसटीने निघतोय. अण्णांनी काल त्याच्या ट्रंकेत स्टार पुसायचं ते फडकं धुऊन, घडी घालून ठेवलंय.